स्पोर्ट्स कारचं आतलं पुल हँडल तुटलं? जोडायचं की बदलायचं, सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत

स्पोर्ट्स कारच्या आतला कुठला पार्ट सगळ्यात जास्त मार खातो असं कोणी विचारलं तर मी पटकन सांगेन, डोअर पॅडवरचं, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या आवरणावरचं, पुल हँडल. म्हणजे आत बसल्यावर दरवाजा ओढून लावायला आपण जे धरतो ते. टीटी, झेड४, एसएलके, बॉक्सस्टर, मस्टँग, गाडी कुठलीही घ्या, दरवाजे दोनच, त्यामुळे प्रत्येक दरवाजा लांब आणि जड, आणि तो अख्खा दरवाजा आपण प्लास्टिकच्या एका तुकड्याला धरून ओढतो. त्यात आमच्या बडोद्याचा मे महिना, बाहेर ४२-४३ डिग्री आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याच्याही कितीतरी वर. वर्षानुवर्षं असं झालं की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस कटकन आवाज येऊन हँडल हातात येतं.

मग बहुतेक जण फेविक्विक ओततात, दोन दिवस टिकतं, परत तुटतं, आणि या वेळी आधीपेक्षा वाईट तुटतं कारण चिरेत वाळलेला गोंद बसलेला असतो आणि नवीन काही धरत नाही. मी हे काम मावसभावाच्या दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीवर आणि ओळखीतल्या दोन-तीन गाड्यांवर केलंय, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील, पण पद्धत सगळीकडे तीच लागू होते.

आधी नक्की काय तुटलंय ते बघा

दरवाजा अर्धा उघडा ठेवा, एका हाताने हँडल हळू ओढा आणि दुसऱ्या हाताची बोटं पॅडच्या कडेवर ठेवा. हँडलबरोबर अख्खं पॅडच बाहेर येत असेल तर हँडल ठीक आहे, पॅडच्या मागचे लॉक, म्हणजे क्लिपा, किंवा त्या क्लिपा ज्यात बसतात ती प्लास्टिकची घरं तुटलीत. पॅड जागेवर आणि फक्त हँडल हलतंय, तर हँडलच्या मागे स्क्रू जिथे घुसतो ती प्लास्टिकची नळी फाटलीय. आणि ओढायचं हँडल घट्ट आहे पण दरवाजा उघडायची छोटी लिव्हर सैल लोंबतेय, तर तो केबलचा किंवा तिच्या टोकाच्या क्लिपचा विषय आहे, तिथे गोंदाचं काहीच काम नाही. या तिन्ही गोष्टींना दुकानात लोक सरसकट "हँडल तुटलं" म्हणतात आणि मग चुकीचा पार्ट मागवला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी कुठल्याही गॅरेजमध्ये कोणाला तपासताना बघितलेलं नाही. हँडल तुटलं का, हे शोधा. या गाड्यांच्या काचेला वर फ्रेम नसते, दरवाजा उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि बंद केल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. ही काच खाली येत नसेल तर दरवाजा लावताना ती रबरावर घासते, त्यात दोन सीटची छोटी केबिन, दोन्ही काचा बंद असतील तर आतली हवा दाबली जाते आणि तीही दरवाज्याला उलटी ढकलते. मग माणूस दुप्पट जोर लावून ओढतो, आणि तो सगळा जोर हँडलवर येतो. काच खाली न येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दरवाज्याच्या लॉकमधला मायक्रोस्विच, म्हणजे दरवाजा उघडलाय हे गाडीला कळवणारा छोटा स्विच, फोक्सवॅगन ग्रुपच्या त्या काळातल्या गाड्यांत तो जाणारच असं समजा. दरवाजा उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल किंवा डॅशवर दरवाजा उघडा असल्याचं चिन्ह येत नसेल तर संशय तिथेच घ्या. तसंच बिजागऱ्या आणि दरवाज्याचा स्टॉपर, म्हणजे दरवाजा टप्प्याटप्प्याने अडतो ती पट्टी, कोरडी पडली असेल तर ग्रीस लावा. हे न करता नवीन ओरिजिनल हँडल बसवलंत तरी तेही तुटेल.

जोडायचं की नवीन आणायचं

माझा नियम सोपा आहे. ज्या पार्टवर जोर येतो तो फक्त गोंदाने जोडायचा नाही, एकतर बदलायचा नाहीतर धातूचा आधार देऊन जोडायचा. ज्यावर जोर येत नाही, म्हणजे एसी व्हेंटची फ्रेम, स्पीकरची जाळी, स्विचच्या बाजूची पट्टी, ते खुशाल जोडा.

नवीन मागवायचं असेल तर जुन्या पार्टच्या मागचा नंबर हवा, त्यासाठी आधी पार्ट काढावा लागतो, म्हणून गाडी दोन-चार दिवस उभी राहू शकेल अशा वेळीच काम हाती घ्या. ऑडीच्या नंबरचे पहिले तीन अक्षर-अंक सांगतात की पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला. ८जे० म्हणजे दुसऱ्या पिढीची टीटी, ८पी० म्हणजे ए३, १के० म्हणजे पाचवी गोल्फ, १झेड० म्हणजे आपली स्कोडा लॉरा. नंबर ८जे० ने सुरू होत नसेल तर हसा, कारण तोच पार्ट लॉराच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळण्याची शक्यता आहे, आणि लॉरा बडोद्यात पुष्कळ होत्या. क्लिपा आणि स्क्रूंच्या बाबतीत तर हे बऱ्याचदा होतं. पुढे बाजू ठरते ती नंबरातल्या नवव्या अंकावरून, विषम म्हणजे डावी, सम म्हणजे उजवी. आणि नंबराच्या शेवटी वेगळी लिहिलेली तीन अक्षरं रंगाची, ती सोडलीत तर काळ्याऐवजी राखाडी येईल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. जर्मनी किंवा अमेरिकेतून मागवलं की ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल डाव्या दरवाज्याचं येतं, आणि काचेच्या स्विचसाठीचा खाचा चुकीच्या बाजूला असतो. म्हणून सेकंडहँड घ्यायचं तर ब्रिटन, जपान किंवा ऑस्ट्रेलियाच्या विक्रेत्याकडून बघा, तिथे ड्रायव्हर आपल्यासारखाच उजवीकडे बसतो. परदेशातून कुरियरने येणाऱ्या पार्टवर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी वर लागतो, तो आधीच हिशोबात धरा. कंपनीच्या शोरूमला मागवत असाल तर १७ अक्षरी चॅसी नंबर द्या, नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून काम होत नाही.

जुन्या गाडीतून काढलेला पार्ट घेताना बडोद्याच्या माणसाने अजून एक बघावं. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि त्यांचे पार्ट बाजारात फिरतात. बुडालेल्या गाडीचं शुद्ध प्लास्टिकचं हँडल धुऊन घेतलं तर काही बिघडत नाही, पण अख्खं पॅड घेऊ नका, मागचा दाबलेल्या भुश्यासारखा पुठ्ठा पाणी पिऊन फुगलेला असतो आणि वास कधीच जात नाही. स्विच, मोटर, वायरिंग तर अजिबात नको. स्क्रूच्या भोकाजवळ बोट फिरवून बघा, मातीचा बारीक पिवळट थर तिथे राहतोच.

सामान

प्लास्टिकचे ट्रिम काढायचे पट्टे, स्टार बिट टी२०, टी२५, टी३०, बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर टोकाला टेप गुंडाळून, टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, मास्किंग टेप आणि जुनी गोधडी. नवीन क्लिपा आधीच आणून ठेवा, काढताना काही तुटणारच. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दरवाज्याचं ढोबळ चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पुढच्या लेदरला टोक बाहेर येतं.

काम कधी करायचं हेही महत्त्वाचं. जानेवारीच्या सकाळी क्लिपा आणि प्लास्टिक आखडलेलं असतं, ओढलं की तुटतं. मे महिन्यातल्या दुपारी विनाइल मऊ होऊन ताणलं जातं. सावलीत, २५ ते ३० डिग्रीच्या आसपास सगळ्यात बरं. थंडीतच करायचं असेल तर हेअर ड्रायरने कड जरा कोमट करून घ्या.

पॅड काढणं

पहिलं काम काच पूर्ण खाली घ्या, मगच बॅटरी काढा. उलटं केलंत तर काच वरच अडकते, दरवाजा उघडताना खाली येऊ शकत नाही आणि रबर किंवा काच दोन्हीपैकी एकाला इजा होते. किल्ली खिशात ठेवा. बॅटरी जिथे आहे ते झाकण लावून टाकू नका, झेड४ची बॅटरी मागे डिकीत असते, ९८७ मॉडेलच्या बॉक्सस्टरची पुढच्या डिकीत आणि ती डिकी विजेच्या लॅचने उघडते, बॅटरी काढून डिकी बंद केली की बाहेर उभे राहाल.

बॅटरीचं निगेटिव्ह काढल्यावर निदान १५ मिनिटं थांबा, कंपन्यांच्या सूचना कमी-जास्त आहेत पण १५ मिनिटांत कोणाचं नुकसान नाही. कारण एअरबॅग. बॉक्सस्टरमध्ये तर डोक्याची एअरबॅग दरवाज्यातच वरच्या कडेला असते, बाकी काही गाड्यांत सीटमध्ये असली तरी साइड इम्पॅक्टचा सेन्सर दरवाज्यात असू शकतो. पिवळा कनेक्टर दिसला की समजा एअरबॅगचा. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा, त्याला मल्टीमीटर कधीही लावायचा नाही, आणि तो सुटलेला असताना इग्निशन ऑन करायचं नाही, नाहीतर डॅशवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो स्कॅनर लावूनच जातो.

आता स्क्रू. ते लपवलेले असतात, हँडलच्या खोबणीच्या तळाशी छोटी टोपी, लिव्हरच्या मागे, आरशाजवळच्या तिकोनी पट्टीखाली, पॅडच्या खालच्या कडेला. ओढून निघत नसेल तर जोर वाढवू नका, एक स्क्रू राहिलाय असं समजा आणि आरसा-टॉर्च घेऊन शोधा. सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकचा पट्टा क्लिपच्या अगदी जवळ घालून एकेक क्लिप सोडवा. क्लिपपासून लांब पट्टा घातला तर पॅड वाकतं आणि क्लिपचं घर उपटून येतं. कडेने सगळं सुटलं की पॅड सरळ बाहेर ओढायचं नाही, बहुतेक गाड्यांत ते वर काचेच्या रबरापाशी अडकवलेलं असतं, आधी वर उचला. बाहेर आलं की लगेच दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, वायरिंगवर लोंबकळू देऊ नका. लिव्हरची केबल, स्विचचा प्लग, स्पीकर, दिवा एकेक सोडवा, काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

मागे प्लास्टिकचा पडदा किंवा फोमची शीट काळ्या चिकट दोरीने चिकटवलेली दिसेल. काम फक्त हँडलचं असेल तर तिला हात लावू नका. ती पावसाचं पाणी आत येऊ देत नाही, आणि ज्या गाड्यांत दरवाज्याच्या आतल्या हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर आहे तिथे ती फाटकी असून चालतच नाही.

प्लास्टिक ओळखा, मग हात लावा

पॅड गोधडीवर पालथं ठेवा आणि हँडलच्या मागे बघा. दोन टोकदार खुणांच्या मध्ये प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. तिथेच शेजारी एखादं छोटं गोल चक्र दिसेल, आकडे आणि मध्ये बाण, ती पार्ट बनल्याच्या महिन्या-वर्षाची खूण. फाटलेली नळी टॉर्चखाली धरा, चिरेच्या दोन्ही बाजूंना काळं प्लास्टिक पांढुरकं झालेलं दिसेल. तो पांढरा भाग म्हणजे प्लास्टिक ताणलं जाऊन आतून कमजोर झालंय, चीर जिथे दिसते त्याच्या थोडं पुढेही ते गेलेलं असतं. त्यामुळे दुरुस्ती चिरेपुरती करायची नाही, पांढरं संपतं त्याच्याही पुढे जायचं.

त्या नावात एबीएस (ABS) असेल तर काम सोपं, ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. एबीएसचेच तुकडे अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवून घट्ट खीर करा, ती चिरेत भरा, वाळल्यावर जोड मूळ प्लास्टिकसारखाच होतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, शुद्ध अॅसिटोन घ्या, खिडक्या उघड्या, आग आणि सिगरेट लांब. पण नावात एबीएसबरोबर पीसी (PC), म्हणजे पॉलिकार्बोनेट, लिहिलं असेल तर अॅसिटोन लावायचं नाही, त्याने बारीक बारीक तडे जातात, तिथे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरा. पीपी (PP), म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर ना अॅसिटोन चालत ना साधा गोंद, त्याला तापवूनच जोडावं लागतं, पीपीचीच काडी वापरून प्लास्टिक वेल्डिंग किंवा गरम स्टेपल, म्हणजे तापवून प्लास्टिकात रुतवायची तारेची पिन. पीए (PA) आणि पुढे जीएफ३० (GF30) म्हणजे काच मिसळलेलं नायलॉन, ते वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका, पॉलिश पेपरने खरखरीत करून इपॉक्सी आणि धातू.

फेविक्विकसारखा गोंद मी तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरताच वापरतो. तो कडक आणि ठिसूळ सुकतो, धक्का लागला की सुटतो, आणि दरवाज्याला धक्क्याशिवाय दुसरं काय लागतं?

फाटलेली नळी कशी पक्की करायची

चिरेच्या शेवटी दीड-दोन मिलीमीटरचं छोटं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग मागच्या बाजूने चिरेवर व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या अर्ध्याहून जरा जास्त खोल. गरम स्टेपल वापरत असाल तर चिरेला आडवे बसवा, आणि जाडी बघून, नाहीतर पुढच्या बाजूला फोड दिसेल. भाग साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वर्षानुवर्षांचं डॅश पॉलिश तिथे मुरलेलं असतं आणि त्यावर काहीच चिकटत नाही.

आता आधार. नळीच्या बाहेरून घट्ट बसेल असा अॅल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा कापा, आतून खरखरीत करा, हळू सेट होणारं अराल्डाइट लावून नळीवर चढवा. स्क्रूच्या भोकात तेल लावलेला स्क्रू घालून ठेवा म्हणजे इपॉक्सी आत जाणार नाही आणि पाइप सरळ बसेल. स्क्रूचे आटेच गेले असतील तर पितळेचा आट्यांचा इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने तापवून बसवता येतो, मग मशीन स्क्रू वापरा. हँडलला दोन नळ्या असतात, एक फाटली की काही दिवसांत दुसरीचा नंबर लागतो, म्हणून मी दोन्ही नळ्या जोडणारी दीड मिलीमीटर अॅल्युमिनियमची पट्टी बसवतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये पुठ्ठ्याचं माप दाखवलं की अशी पट्टी भोकांसकट कापून मिळते. जोर एका जागी न राहता पसरतो, आणि खरं काम ही पट्टीच करते, इपॉक्सी तिला फक्त जागेवर ठेवते. पॅड परत बसेल एवढी जागा पट्टीला आहे ना हे इपॉक्सी लावण्याआधी बघा.

२४ तास हात लावू नका. पाच मिनिटांवालं इपॉक्सी मोहात पाडतं, पण बंद गाडीच्या उन्हाळ्यातल्या गरमीत ते मऊ पडतं.

थ्रीडी प्रिंट करून पार्ट बनवणारे आता शहरात आहेत, चांगला पर्याय आहे, फक्त मटेरियल विचारा. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास नरम पडतं, बडोद्यात उन्हात ठेवलेल्या गाडीत ते वाकणारच. पीईटीजी ८०च्या आसपासपर्यंत, एबीएस किंवा एएसए साधारण १००पर्यंत टिकतं, एएसए उन्हालाही चांगलं. आणि थर ओढण्याच्या दिशेला आडवे येऊन सुटणार नाहीत अशा पद्धतीने प्रिंट करायला सांगा.

परत बसवणं

प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, हलकासा टक जाणवला की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा फिरवा. नाहीतर दर वेळी नवीन आटे पडून भोक सैल होतं. हाताने घट्ट पुरे, ड्रिल मशीन नको.

तुटक्या क्लिपा बदला, मग केबल आधी, प्लग नंतर, पिवळा कनेक्टर असेल तर त्याचा क्लिक ऐका. पॅड वर रबरापाशी अडकवा, क्लिपा भोकांसमोर आल्यात का बघा, मग तळहाताने एकेक ठोका. दरवाजा अजून लावू नका. उघड्या दरवाज्याच्या कडेला जे लॅच दिसतं ते स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत आणा आणि आतल्या लिव्हरने सोडवा, मग परत बंद करून बाहेरच्या हँडलने सोडवा. दोन्हींनी सुटलं तरच दरवाजा लावायचा. केबल नीट बसली नसेल आणि दरवाजा लागला तर पॅड बंद दरवाज्यात काढायची वेळ येते, आणि ते फार त्रासाचं काम आहे.

बॅटरी जोडल्यावर काचेला तिची वरची-खालची हद्द परत शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत दरवाजा लावून काच पूर्ण वर घ्यायची आणि स्विच वरच्या बाजूला काही सेकंद धरून ठेवायचा, नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते. मग दरवाजा उघडून बघा, काच थोडी खाली आली पाहिजे. आली नाही तर आधी तेच दुरुस्त करा, तोवर त्या बाजूचा दरवाजा काच जरा खाली घेऊनच लावा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतोय का तेही बघा.

पडद्याला हात लागला असेल तर ब्युटाइल टेपने परत सील करा आणि काचेवरून बाटलीभर पाणी सोडा. पाणी दरवाज्याच्या खालच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे, आत पॅडच्या कडेला ओल दिसता कामा नये. ही चाचणी जूनच्या आधीच करा. आणि पुढे दरवाजा लावताना हँडलचं बिजागरीपासून लांबचं टोक धरा, तिथून कमी जोर लागतो, काचेला धरून तर कधीच ओढू नका. जुना तुटका पार्ट नंबरासकट पिशवीत घालून ठेवा, दुसऱ्या बाजूचं हँडल त्याच वयाचं आहे, त्याची पट्टी कापताना माप घ्यायला तो लागेल.